हुकमी गडी

शेषराव, काल तुझ्या शोकसभेत मी चांगली दहा मिनिटं खोटं बोललो. तू समोर खुर्चीवर होतास, म्हणजे तुझा फोटो होता. मॅट्रिकच्या वेळचा, केस चापून बसवलेला, तुझ्यासारखा अजिबात न दिसणारा. माझ्या आधी एक वकीलसाहेब बोलले. आपल्या संघात ते कधीकाळी राखीव गडी होते, आता पोट सुटलंय. म्हणाले, "मैदानावर ना जात असते ना धर्म, हे आम्हाला शेषरावांनी शिकवलं." सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही डोलावली. मग माझं नाव पुकारलं: शेषरावांचा हुकमी गडी, सध्या अकोल्याला ड्रिलमास्तर. मी उठलो आणि अशा वेळी जे बोलतात ते बोललो. मागून कोणीतरी म्हणालं, "सुखदेवभाऊ, थो कौंडण्यपूरचा डाव सांगा ना." मी तोही सांगितला, हातवारे करून. शोकसभेत टाळ्या पडल्या.

संध्याकाळच्या एस.टी.नं अमरावतीहून अकोल्याला परत आलो. बडनेरा मागे पडेपर्यंत स्वतःचाच राग येत होता, मूर्तिजापूरपासून तुझा यायला लागला. आज रविवार आहे. जठारपेठेतल्या खोलीत खिडकी लावून बसलोय आणि काल जे बोललो नाही ते लिहून काढतोय. तू कसा गेलास, किती वाजता गेलास, मागे कोण आहे, हे सगळं काल चौघांनी सांगितलं. मला त्यात पडायचं नाही. मला तुझ्याशी भांडायचंय. ते आपलं अर्धवट राहिलंय आणि तू मध्येच उठून गेलास, जसा नेहमी जायचास.

हे कागद उद्या कोणाच्या हाती पडले तर त्याला खेळ कळावा म्हणून आधी नियम सांगतो. मास्तरकीची खोड आहे, तू हसशील. आट्यापाट्यांच्या मैदानावर नऊ आडव्या पाट्या आखतात, चुन्यानं नाहीतर राखेनं. एका संघाचे नऊ गडी नऊ पाट्या धरतात. त्यांनी आपल्या पाटीवरून पाय काढायचा नाही. दुसऱ्या संघानं त्या सगळ्या पाट्या ओलांडून पलीकडे जायचं आणि परत यायचं. तसं कोणी आलं की लोण झालं. पाटीवाल्याचा हात अंगाला लागला की तो गडी मेला, बाहेर बसला. बस, एवढाच खेळ. ना बॅट लागते, ना चेंडू, ना बूट. हात लागतो की नाही, सगळं यावर.

आता या एका वाक्यात काय भरलेलं आहे ते आपल्या वऱ्हाडात कोणालाही समजावं. मला मात्र कळायला वेळ लागला, आणि तुला पहिल्या दिवशी कळलं होतं.

आपण नववीत होतो. तू कौंडण्यपूरच्या रस्त्यावरच्या गावाहून शिकायला आलेला, काळ्या शेतीचा, दूध-तुपाचा. शहरात खोली करून राहायचास. मी रेल्वे फाटकापलीकडच्या वस्तीतला, बाप जिनिंगमध्ये कापसाच्या गठाणी बांधणारा. शाळेच्या तासाला मी दोन पाट्या ओलांडल्या आणि तिसरीवर पडलो. तू येऊन मला हात देऊन उठवलंस. म्हणालास, "आपल्या संघात येतं का? नाव काय तुयं?" मी नाव सांगितलं. पुढचा प्रश्न तू विचारला नाहीस. नाव सांगितलं की सगळे पुढचा प्रश्न विचारायचे. तू विचारला नाहीस म्हणून मी त्या दिवसापासून तुझा झालो. इतकं स्वस्त होतं ते.

तू मला सुख्या म्हणायचास. मी तुला शेषराव. दोघं एका वयाचे, एका वर्गातले, एकमेकांना अरेतुरे करणारे. पण मी कधी शेष्या म्हणालो नाही, आणि हे तुझ्या कधी लक्षातही आलं नाही.

पहिला बाहेरगावचा डाव आठवतो. कौंडण्यपूर, नदीकाठचं गाव, जत्रेची गर्दी, वाळूत राखेच्या पाट्या ओढलेल्या. तू मला सर्वांच्या आधी पाठवलंस. नाणं उडवण्याआधी त्यांच्या कप्तानाला माझी ओळख करून दिलीस. मोठ्यानं, सगळ्यांना ऐकू जाईल अशी. "हा आमचा सुखदेव. अमरावतीले रेल्वे फाटकाच्या पलीकडे वस्ती हाये ना, तिथचा." माझी छाती फुगली. वाटलं, पोरगा माझा पत्ता अभिमानानं सांगून राहिला.

पहिल्या पाटीवरचा गडी दांडगा होता. त्याचा हात माझ्या बरगडीकडे आला, मी डोळे मिटले, म्हटलं मेलो. आणि मी पलीकडे होतो. दुसरी, तिसरी, चौथी. हात यायचे, सपकन यायचे, आणि मी पलीकडे असायचो. नऊ पाट्या गेलो आणि नऊ पाट्या परत आलो. "लोऽऽण!" तू ओरडलास आणि मला उचलून खांद्यावर घेतलंस. अख्ख्या जत्रेपुढे, त्या गावच्या पाटलापुढे, मंदिरातून येणाऱ्या बायाबापड्यांपुढे. तुझ्या खांद्यावरून मला वर्धा नदी दिसत होती. त्या वयात माणसाला याहून जास्त काय पाहिजे असतं?

घरी जाऊन बापाला सांगितलं. तो विडी ओढत बसला होता. म्हणाला, "खांद्यावर घेते थो तुले. घरात घेते का?"

मला बापाचा संताप आला. पुढच्याच महिन्यात तू मला गावी नेलंस तेव्हा वाटलं, बरं झालं, आता परत येऊन त्याचं तोंड बंद करतो. तुझ्या मायनं भरीत-भाकर केली होती. मला ओसरीच्या खाली, अंगणात पाट टाकला. पत्रावळ मांडली. मी बसलो, काय करणार? तेवढ्यात तू आतून आपलं ताट उचलून आणलंस आणि माझ्याशेजारी मातीत मांडी ठोकलीस. माय दारातून म्हणाली, "शेषराव, आत ये ना बाबू." तू म्हणालास, "मी इथंच जेवतो, मले गरम होऊन राहिलं." माझे डोळे भरून आले. कितीतरी वर्षं ही गोष्ट मी लोकांना सांगत होतो. अशी माणसं असतात म्हणून.

आता त्या गोष्टीकडे पाहतो तेव्हा मला दुसरंच दिसतं. तू बाहेर येऊन बसलास, शेषराव. मला आत नेलं नाहीस.

तुझ्यावर अन्याय करतोय का मी? थोडा करतोय. चौदा-पंधरा वर्षांच्या पोरानं मायशी किती भांडावं? पण त्या दिवशी तू जे केलंस तेच पुढे जन्मभर केलंस. चौकटीला धक्का लावायचा नाही, आणि तिच्यातून आपलं काम साधायचं. आणि काम असं साधायचं की समोरच्यानं हात जोडून आभार मानावेत.

पाट्या धरायची पाळी आली की तू मला पहिल्या पाटीवर उभं करायचास. फक्त खेड्यापाड्यांत. म्हणायचास, "सुख्या पहिली धरीन, बाकीचे मांगं." समोरचे नऊच्या नऊ गडी त्या पहिल्या पाटीपुढे घोटाळत राहायचे. डावीकडून दोन पावलं, उजवीकडून दोन पावलं, जवळ कोणी यायचं नाही. मी हात पसरून उभा, बाही वर सरकवलेली, आणि धट्टेकट्टे नांगर धरणारे गडी माझ्यापुढे पोरीबाळींसारखे मागे सरतायत. वेळ संपायचा. पंच शिट्टी फुंकायचा. मला वाटायचं, काय माझा दरारा! अचलपूरला डाव जिंकून परतवाड्याच्या स्टँडवर आलो तेव्हा तू माझ्याच ग्लासातला उरलेला चहा प्यालास, सगळ्यांदेखत. हे पण खरं आहे. हे मी खोडणार नाही.

छप्पन साली बाप आम्हाला सगळ्यांना घेऊन नागपूरला गेला. दीक्षा घेऊन परत आलो, पांढऱ्या कपड्यात, उन्हानं रापलेले. घरातले देव गेले, मायनं कपाळावरून हात फिरवून घेतला. मी तुला सांगायला खोलीवर आलो. तू खाटेवर बसून ऐकलंस. म्हणालास, "चांगलं झालं." मग विचारलंस, "खेड्यातले लोक मानतीन का पन हे? का मांगचंच धरून बसतीन?" मला वाटलं, तुला आमची काळजी आहे. आता वाटतं, तुला पुढच्या डावाची काळजी होती. हे वाटणं खरं की खोटं, हे सांगणारा एकच माणूस होता.

खेड्यातल्या लोकांनी मागचंच धरलं. आपण जिंकत राहिलो.

शहरातल्या संघांशी डाव असला की तू मला बसवायचास. कॉलेजची पोरं, तालमीची पोरं, त्यांच्यासमोर मी कधी उतरलोच नाही. विचारलं की म्हणायचास, "तुले मोठ्या डावासाठी राखून ठेवून राहिलो बे." मी चटईवर बसून टाळ्या वाजवायचो आणि स्वतःला हुकमाचं पान समजायचो. पत्त्यांत तरी हुकमाचं पान बड्या डावातच टाकतात. मला कधी प्रश्न पडला नाही की आपला बडा डाव नेहमी खेड्यातच कसा असतो.

आणि मग अकोला. त्या दिवशी तुझे दोन पळणारे गडी आजारी पडले, एकाचा पाय सुजला होता. तुझा नाइलाज झाला. समोर गिरणी कामगारांचा संघ. त्यात मुसलमान होते, कोष्टी होते, आमचे होते, तेलगू बोलणारा एक होता, सगळे एका खात्यात एकमेकांच्या घामाला घाम लावून काम करणारे. या वेळी तू माझी ओळख करून दिली नाहीस. मी गेलो. पहिल्या पाटीवर एक पोक्त गडी उभा होता, पिकल्या मिशांचा. त्याचा हात आला. मी नेहमीसारखा गेलो, आणि छातीवर थाप बसली. मेलो.

दुसऱ्या डावात परत गेलो. परत पहिल्याच पाटीवर मेलो. तिसऱ्यांदा गेलो तेव्हा आपल्याबरोबर अमरावतीहून आलेले लोक हसायला लागले. मी तुझ्याकडे पाहिलं. तू बुटाची नाडी बांधत होतास.

डाव संपल्यावर तो मिशावाला माझ्याजवळ येऊन बसला. किसनदादा नाव त्याचं, आमच्यातलाच, गिरणीच्या चाळीत राहणारा. त्यानं मला पाणी दिलं. म्हणाला, "पोरा, एक इचारू का? तू हाताकडंच काहून पयून राहिला?"

मी म्हटलं, "म्हंजे?"

"म्हंजे असं, का हात आला का मानूस आंग चोरते. बाजूनं निंगते. तू सिद्दा हातावरच येऊन राहिला. असं कोनी पयते का? तुले आतापर्यंत कोनी मारलंच नाही का?"

त्यानं माझ्याकडे नीट पाहिलं. मग विचारलं, "कुठं कुठं खेयला?" मी गावांची नावं सांगितली. तो उठला, धोतर झटकलं, आणि एवढंच म्हणाला, "हां. मंग बराबर हाये."

परतीच्या पॅसेंजरमध्ये मी तुला दाराशी गाठलं. डब्यात बाकीची पोरं शेंगा फोडत होती. मी विचारलं, "तुले ठाऊक होतं?"

तू काय ठाऊक म्हणून विचारलं नाहीस. बाहेर पाहत राहिलास. मग म्हणालास, "गावोगाव आपन जिंकलो का नाही?"

"मी जिंकलो का, थे सांग."

"हे पाय सुख्या, थे साले हात लावत नाहीत. हात लावला तर घरी जाऊन आंघोय करा लागते, माय घरात घेत नाही. त्यायचं थे पाप हाये. मी त्यायले त्यायच्याच पापानं हरवून राहिलो. हारू दे ना साल्यायले! गावापुढं, जत्रेपुढं हारू दे. याच्यात तुयं काय वाईट केलं मी?"

शेषराव, इतकी वर्षं झाली, तुझ्या त्या बोलण्याला मला अजून नीट उत्तर सापडलेलं नाही. म्हणून तर राग आहे. त्यात तथ्य होतं. ती माणसं खरंच हरत होती, आणि का हरतोय हे त्यांना कळत होतं, आणि तोंडानं बोलता येत नव्हतं. कायद्यानं शिवाशिव बंद झालेली. पंचाला काय सांगतील? माझ्या अंगाला हात लावायचा नाही म्हणून डाव सोडला? दात-ओठ खाऊन घरी जायचे. मलाही ते आवडलं असतं, तू मला त्यात घेतलं असतंस तर.

मी विचारलं, "मंग मले सांगितलं काहून नाही?"

तू म्हणालास, "सांगितलं असतं तर तू तसा पयला असता का?"

बडनेरा आलं. तू उतरून पुढे निघून गेलास. पोरं विचारत होती, काय झालं, काय झालं. त्यांना मी काय सांगणार? त्या गाडीत सगळ्यांना ठाऊक होतं, असं मला त्या क्षणी वाटलं आणि अजून वाटतं. फक्त मलाच नव्हतं. निदान तुझ्यापुढे मी तसंच उभं केलं.

त्यानंतर मी खेळलो नाही. तू निरोप पाठवलेस, मी आलो नाही. मग मला ड्रिलमास्तरची जागा पाहिजे होती, खेळाचा दाखला लागत होता, आणि दाखला देणारा तूच, संघाचा कप्तान. मी मागितला नाही. तू न मागता टपालानं पाठवलास. तुझ्या त्या तिरप्या अक्षरात: गावोगावच्या सामन्यांत या खेळाडूस प्रतिपक्षाचा हात क्वचितच लागला. अक्षरशः खरं! या वाक्यावर मी नोकरीला लागलो, शेषराव. ते वाक्य लिहिताना तू हसला होतास की रडला होतास, मला कळलं पाहिजे होतं. वर्गातल्या पोरांना मी रोज शिकवतो, असं वळा, असं अंग चोरा. किसनदादानं दोन वाक्यांत सांगितलेलं शिकवतो. माझं त्यात काही नाही.

तीन वर्षांनी तू अकोल्याला आलास. कसल्याशा कामाला आला होतास, शाळा शोधत आलास. दुपार होती, शाळेला सुटी, मैदानावर पाट्या आखलेल्या होत्या. आपण लिंबाखाली बसलो. तू शेतीचं बोललास, मी बदलीचं बोललो. मग तू उठलास, चपला काढल्या, पहिल्या पाटीवर जाऊन उभा राहिलास. "चाल. पय."

मी म्हटलं, "येडा झाला का?"

"पय ना बे. भेला का?"

मी पळालो. तू मारलंस. तळहात उघडा ठेवून, खांद्यावर, पूर्ण. परत पळालो. छातीवर. परत. पाठीवर. तुझा हात दर वेळी माझ्यापर्यंत आला आणि अंगावर बसला, कुठंही थांबला नाही. आठ वेळा. शर्टावर तुझ्या हाताची धूळ उमटली. मला रडू येत होतं आणि मी तुला शिव्या देत होतो, मायबहिणीवरून, आणि तू एकही परत केली नाहीस. नवव्यांदा मी हाताकडे गेलो नाही. डावीकडे झुकलो, तुझं वजन तिकडे पडू दिलं, आणि उजवीकडून निघालो. पलीकडे गेलो. तू वळून पाहिलंस. धापा टाकत होतास. म्हणालास, "हे तुयं."

एक पाटी. माझ्या सगळ्या खेळात माझी म्हणावी अशी ती एक पाटी, आणि ती पाहायला तुझ्याशिवाय कोणी नव्हतं. त्या दिवशी तू मला जे दिलंस ते आजवर दुसऱ्या कोणी दिलं नाही, तेव्हा उपकार मानतो. खोटं वाटेल तुला, पण मानतो. मात्र ते द्यायला तुला इतकी वर्षं लागली. तेच तू नववीत, शाळेच्या मैदानावर दिलं असतंस, माझ्यासमोर पाटीवर उभा राहून मला आठ वेळा मारलं असतंस, तर मी पळायला शिकलो असतो. सरावात तू कायम मला आपल्याच बाजूला घ्यायचास. मी त्याला मैत्री समजलो.

त्या दुपारी तू निघताना म्हणालास, "झालं ना आता? फिटलं?" मी म्हटलं, "नाही." तू हसलास आणि गेलास. तुला वाटलं मी अजून रुसलोय. मी रुसलो नव्हतो, शेषराव. मला तुला काहीतरी सांगायचं होतं आणि धीर होत नव्हता. पुढच्या वेळी सांगू म्हटलं. आता पुढची वेळ गेली, तेव्हा सांगतो.

मला ठाऊक होतं.

अकोल्याच्या आधीपासून. तुझ्याबरोबरच्या दुसऱ्याच वर्षी. दर्यापूरकडच्या एका गावात डाव होता. तिसऱ्या पाटीवरच्या गड्याचा हात माझ्या पोटावर येतच होता, आणि बाजूला बसलेला एक म्हातारा ओरडला, "हात आवर!" गड्यानं हात आवरला. म्हाताऱ्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, मग खाली. मला सगळं कळलं. पायाखालची पाटी दिसेना. वाटलं थांबावं, खाली बसावं, पंचाला सांगावं. आणि मी पुढच्या पाटीकडे पळालो. लोण आणलं. तू मला खांद्यावर घेतलंस, आणि मी हात उंचावले.

तेव्हापासून मी प्रत्येक गावात मैदानात उतरलो की आधी माणसं बघायचो. कोण कोणाकडे पाहतो, कोणाच्या घरचे म्हातारे समोर बसलेत, कोण नुकता टिळा लावून आलाय, कोणाच्या हाताची मूठ माझ्याकडे पाहताना आपोआप मिटते. कोणाचा हात थांबणार हे मला कळायला लागलं. आणि मी त्याच्याच हातावर जायचो, छाती पुढे काढून. किसनदादानं विचारलं ना, हाताकडंच काहून पयून राहिला? म्हणून. मी चुकून तसा पळायला शिकलो नव्हतो, ठरवून शिकलो होतो. त्या गिरणीवाल्यांपुढे मला दुसरं काही येतच नव्हतं, एवढीच फजिती झाली. गाडीत मी तुझ्यापुढे फसवला गेलेला माणूस होऊन उभा राहिलो, आणि तू ते ऐकून घेतलंस. तुलाही ठाऊक होतं का, की मला ठाऊक आहे? असेल. तुला सगळंच आधी कळायचं. मग तू बोलला का नाहीस? मी बोललो नाही म्हणून?

दोघांनी मिळून केलं, शेषराव. तू डाव लावलास, मी पळालो. तुला जिंकणं पाहिजे होतं आणि मला तो खांदा. मी तुला दोष देत राहिलो कारण तुझ्याशी भांडता येत होतं. त्या हात आवरणाऱ्यांशी भांडायला गेलो असतो तर मला आधी सांगावं लागलं असतं की माझ्या नावावरचं एकही लोण माझं नाही. आणि वकीलसाहेब म्हणतात मैदानावर जात नसते. तिथं तर ती राखेनं आखलेली असते, सगळ्यांना स्पष्ट दिसेल अशी. गावात माणूस नुसती पाळतो, मैदानावर आपण दोघं ती खेळलो आणि वर ढाली घेऊन आलो.

तुझ्या मातीला आलो होतो. हे काल सभेत कोणी बोललं नाही, कारण कोणाला त्यात काही विशेष दिसलं नसेल. तुझं अंगण भरलं होतं. तुला आतल्या बाजूला, ओसरीवर ठेवलं होतं. दारापासून तिथपर्यंत माणसंच माणसं, खांद्याला खांदा लावून. त्यात आपल्या जुन्या डावांतले कितीतरी, नदीकाठच्या गावचे, दर्यापूरकडचे, केस पिकत आलेले, टोप्या घातलेले. मी अकोल्याहून येईस्तोवर उशीर झाला होता, तुला आता उचलणार होते. मागून कोणी सरकून वाट देईल असं दिसत नव्हतं. मी दारात उभा राहिलो आणि नकळत माणसं बघायला लागलो. मला अजून येतं ते. कोण मला ओळखतो, कोण अंग चोरणार, लांबून कळतं.

मग मी त्यांच्यावरच चालत गेलो. एकेकावर, सरळ, छाती पुढे काढून. तोंडं वळायची, ओळख पटायची, आणि धोतर सावरत माणूस अर्धं पाऊल मागे घ्यायचा. त्याच्या मागचा, त्याच्याही मागचा. तुझ्या अंगणात, इतक्या गर्दीत, वाट होत गेली. मला वाटत होतं कोणीतरी हात घालील, दंडाला धरील, म्हणेल, थांब बे सुखदेव, धक्के काहून मारून राहिला? तू असतास तर दारातच मला मारलं असतंस, तळहात उघडा ठेवून. तू वर ओसरीवर पडला होतास. मी त्या सगळ्यांमधून तुझ्यापर्यंत पोचलो, शेषराव, आणि एकाचाही हात मला लागला नाही.